अन्वय, आकांक्षा आणि रिकामी जागा : हॅस्केल या संगणकभाषेच्या वाक्यविन्यासाचा विचार

शास्त्राची भाषा आणि साहित्याची भाषा हा भेद मराठी समीक्षेने इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की त्याचा फेरविचार करण्याचे प्रयोजन सहसा कोणाला जाणवत नाही. आय. ए. रिचर्ड्‌सने १९२०च्या दशकात भाषेच्या निर्देशात्मक आणि भावनात्मक उपयोजनांची जी विभागणी केली, तिच्यात पुढे पुष्कळ फेरफार झाले. विभागणीचा सांगाडा मात्र टिकून राहिला. या सांगाड्याच्या एका टोकाला कविता ठेवली की दुसऱ्या टोकाला काय ठेवायचे, याचे उत्तर पूर्वी 'गणित' असे दिले जाई; आता ते 'संगणकाची भाषा' असे दिले जाते. या भाषेत अनेकार्थता नाही, सूचन नाही, वाचकाने भरून काढावी अशी मोकळी जागा नाही. लिहिले असेल तेवढाच तिचा अर्थ, अशी समजूत या उत्तरामागे आहे. समजूत सोयीची आहे, कारण तिच्या पार्श्वभूमीवर साहित्यभाषेचे वेगळेपण विनासायास उठून दिसते. पण एखादी संगणकभाषा प्रत्यक्ष समोर ठेवून, तिचा वाक्यविन्यास कसकसा बदलत गेला हे पाहून, ही समजूत तपासण्याचे कष्ट क्वचितच घेतले गेले आहेत.

अशा तपासणीसाठी हॅस्केल ही भाषा विशेष सोयीची आहे. १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या एका परिषदेत फंक्शनल पद्धतीच्या संगणकभाषांवर काम करणारे संशोधक एकत्र आले. एकाच घराण्यातील डझनभर भाषा एकमेकींशेजारी वाढत होत्या. त्यांच्याऐवजी एक सामाईक भाषा असावी असे ठरले, समिती नेमली गेली आणि १९९० साली तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. भाषेला नाव दिले गेले ते हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे. या घराण्यातील भाषांत आज्ञावली ही आज्ञांची यादी नसते. गणितातल्याप्रमाणे फंक्शनांच्या व्याख्या असतात आणि उत्तर काढणे म्हणजे त्या व्याख्या उलगडणे. साहजिकच येथे लेखनाचे स्वरूप समीकरणांच्या वहीच्या जवळ जाते, आणि वही कशी दिसावी याबद्दल समितीतील मंडळी कमालीची आग्रही होती. भाषेच्या घडणीविषयीच्या चर्चेत अर्थावर जितका वेळ जातो त्याच्या दुप्पट वाक्यविन्यासावर, त्याच्या दुप्पट पदांच्या बाह्यरूपावर आणि त्याच्याही दुप्पट टिपा कोणत्या चिन्हाने सुरू कराव्यात यावर जातो, असे समितीचेच एक सदस्य फिलिप वॉड्लर यांनी विनोदाने म्हटले होते. विनोदाचा भाग वगळला तरी एक गोष्ट उरते. यंत्रासाठी लिहिल्या जाणाऱ्या या भाषेचे बाह्यरूप तिच्या कर्त्यांना गौण वाटत नव्हते.

संगणकाला आज्ञावली मिळते ती अक्षरांच्या एका सलग ओळीच्या रूपात. तिच्यातून पदे वेगळी काढायची आणि कोणते पद कोणाशी संबद्ध आहे हे ठरवायचे, हे काम करणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. मराठी वाचकाला या कामाची ओळख वेगळ्या नावाने आहे. संस्कृत श्लोक किंवा ज्ञानेश्वरीतील अवघड ओवी शिकवताना अध्यापक आधी अन्वय लावतो. विशेषण एका चरणात आणि विशेष्य दुसऱ्या चरणात असेल तर त्यांची गाठ घालून देतो. पार्सर अन्वयच लावतो. म्हणून या प्रक्रियेचे वर्णन करण्यासाठी भारतीय परंपरेने वाक्यार्थाच्या मीमांसेत वापरलेली तीन पदे येथे उपयोगी पडतात : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' एवढ्याने वाक्य होत नाही, कारण एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा नाही. येथे आकांक्षा नाही. 'माळी विस्तवाने झाड शिंपतो' यात आकांक्षा पुरी होते, पण योग्यता नाही. 'गाय' हा शब्द आत्ता उच्चारला आणि 'आण' तासाभराने, तर दोन्ही असूनही सन्निधी नाही.

हॅस्केलच्या रचनेत या तिन्हींना स्वतंत्र घरे आहेत. पुढे कोणते पद येऊ शकते याचा तक्ता पार्सरजवळ प्रत्येक क्षणी तयार असतो, ती आकांक्षा. पदांचा संबंध जुळल्यानंतर संख्येच्या जागी संख्याच आहे ना, यादीच्या जागी यादीच आहे ना, हे तपासणारी प्रकारव्यवस्था असते, ती योग्यता. आणि सन्निधी तर या भाषेचा प्राण आहे, कारण फंक्शन एखाद्या मूल्याला लावायचे तर दोन पदे नुसती शेजारी ठेवायची असतात. कंस नाही, स्वल्पविराम नाही. शेजार हाच संबंध, आणि तो इतर कोणत्याही क्रियाचिन्हापेक्षा घट्ट. त्यामुळे 'फ −१' असे लिहिले तर माणूस ते 'फ हे फंक्शन उणे एकला लावा' असे वाचू पाहतो, तर पार्सर 'फमधून एक वजा करा' असे वाचतो. वाक्य आकांक्षेच्या कसोटीवर उतरते आणि योग्यतेच्या कसोटीवर बहुधा पडते. नवशिक्यांच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या एका उणे-चिन्हात आहे.

तुलनेसाठी लिस्पकडे पाहणे उचित ठरेल. जॉन मकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत जिच्यावर काम सुरू केले ती ही भाषा या घराण्याची पूर्वज. तिच्यासाठी दोन लेखनपद्धती योजलेल्या होत्या. एक माणसांनी लिहिण्यासाठी, गणिती वळणाची. दुसरी यंत्राच्या आत माहिती मांडण्यासाठी, सर्वत्र कंस असलेली. प्रत्यक्षात आज्ञावलीकारांनी दुसरीच उचलली आणि पहिली कधी नीट अवतरलीच नाही. कंसांनी भरलेल्या त्या लेखनात अन्वय लावण्याजोगे जवळजवळ काही उरत नाही, कारण लेखक अन्वयच लिहून देतो. लिस्पच्या वाक्यविन्यासाला सहा दशकांत फारसा इतिहास नाही याचे कारणही हेच. ज्या भाषेने वाचकावर काहीच सोपवले नाही, तिला वाचकाशी नव्याने करार करण्याची वेळ येत नाही.

हॅस्केलने नेमका उलटा मार्ग धरला. १९६६ साली पीटर लँडिन यांनी 'पुढील सातशे संगणकभाषां'विषयीच्या आपल्या निबंधात एक कल्पना मांडली होती : एखाद्या पदसमूहाचे पहिले पद जेथे सुरू होते त्याच्या डावीकडे गेलेली ओळ त्या समूहात मोडत नाही. फुटबॉलमधील 'ऑफसाइड' हे नाव या नियमाला मिळाले. डेव्हिड टर्नर यांच्या मिरांडा या भाषेने १९८५ साली तो वापरला आणि मिरांडाकडून थोड्या वेगळ्या रूपात तो हॅस्केलमध्ये आला. हॅस्केलमध्ये 'व्हेअर', 'लेट', 'डू' आणि 'ऑफ' या चार शब्दांनंतर व्याख्यांचा किंवा कृतींचा गट सुरू होतो. गटाला महिरपी कंस घालण्याची आणि घटकांमध्ये अर्धविराम देण्याची मुभा आहे, पण सक्ती नाही. लेखकाने कंस घातला नाही तर पुढच्या पदाचा स्तंभ लक्षात ठेवला जातो. नंतरची ओळ त्याच स्तंभात सुरू झाली तर अर्धविराम आहे असे मानायचे, उजवीकडे सुरू झाली तर मागचेच वाक्य चालू आहे, डावीकडे सरकली तर कंस मिटला. अशा रीतीने समास (वहीतला, व्याकरणातला नव्हे) हे एक चिन्ह होते. लिहिलेले काही नाही आणि वाचायचे मात्र आहे, अशी ही जागा.

रिकाम्या जागेला अर्थ देणे म्हणजे डोळ्याला साक्षीदार करणे. मोडी कागदपत्रांत आधी ओढलेल्या रेघेखाली शब्द सलग लिहिले जात. शब्द कोठे तुटतो हे वाचणारा आकांक्षेच्या बळावर ठरवी. छापील बाळबोधीने ते काम मोकळ्या जागेकडे सोपवले. पण जागा ही डोळ्याला जितकी स्पष्ट तितकी यंत्राला नसते. कळफलकावरील टॅबची खूण एका पडद्यावर चार घरांची दिसते, दुसऱ्यावर आठ घरांची. हॅस्केलच्या अहवालाला टॅब आठ घरांचा मानावा असे कायद्याने सांगावे लागले, आणि जीएचसी हा सर्वाधिक वापरातला कंपायलर २०१५पासून टॅब दिसताच आपण होऊन इशारा देऊ लागला.

येथपर्यंतचा नियम यांत्रिक आहे. स्तंभ मोजता येतात. कंस आणि अर्धविराम घालण्याचे काम पार्सरकडे पदे पोचण्याआधीच उरकता येईल. पण 'लेट क्ष = ५ इन क्ष + १' असे सगळे एकाच ओळीत लिहिले तर काय करायचे? 'लेट'नंतर अदृश्य कंस उघडला आहे. 'इन'च्या आधी तो मिटायला हवा. ओळ बदललेली नाही, म्हणजे समास काहीच सांगत नाही. यावर भाषेने काढलेला तोडगा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. अहवाल म्हणतो त्याचा आशय असा : जे पद पुढे येऊ शकत नाही असे पद आले, आणि त्या जागी मिटता कंस चालला असता, तर तेथे मिटता कंस आहे असे समजावे. पार्सर 'इन'पाशी अडतो. अडल्यावर तो मागे वळून म्हणतो, कंस येथे मिटला असला पाहिजे. मग पुढे जातो.

या नियमाची तात्त्विक बाजू नीट पाहिली पाहिजे. सामान्यतः व्याकरण संहितेचे वर्णन करते आणि वाचक त्या व्याकरणानुसार संहिता वाचतो; वाचन फसले तर दोष संहितेचा किंवा वाचकाचा. येथे मात्र वाचन फसणे हा व्याकरणाचा एक नियम आहे. कंस कोठे आहे हे संहितेत नाही; तो वाचक जेथे अडेल तेथे आहे. हॅस्केल ९८ या नावाने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात हा नियम सूत्रबद्ध केलेला आहे, आणि त्या सूत्रात 'पार्सरची चूक' हीच एक संज्ञा म्हणून येते. जीएचसीचा पार्सर ज्या व्याकरण-फायलीतून तयार होतो तिच्यात गट मिटण्याचे दोन पर्याय दिलेले दिसतात : एक, समासावरून आलेला अदृश्य कंस, दुसरा, 'चूक'. चुका नोंदवण्यासाठी ठेवलेले साधन तेथे विरामचिन्हासारखे वापरलेले आहे.

चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात वाक्याची व्याख्या करताना आकांक्षा, योग्यता आणि आसत्ती (सन्निधीलाच त्याने हे नाव दिले आहे) यांनी युक्त असा पदसमूह म्हणजे वाक्य असे म्हटले, आणि लगेच एक महत्त्वाची पुस्ती जोडली. आकांक्षा म्हणजे प्रतीती पुरी न होणे. ती ऐकणाऱ्याच्या जिज्ञासेच्या रूपाने असते. तेव्हा खरे पाहता ती पदांचा धर्मच नाही. पदसमूहाचा धर्म असे तिला केवळ उपचाराने, लक्षणेने, म्हणायचे. हॅस्केलच्या कंसाबाबत हीच स्थिती आहे. कंस आज्ञावलीत आहे असे आपण उपचाराने म्हणतो. वस्तुतः तो पार्सरच्या अपूर्ण राहिलेल्या अपेक्षेत आहे. यंत्राशी व्यवहार करणाऱ्या भाषेची रचना करणाऱ्यांना, विश्वनाथाचे नावही ठाऊक नसताना, व्याख्येच्या पातळीवर वाचकाला संहितेत घ्यावे लागले. हा योगायोग केवळ मौजेचा नाही. लेखकाने सगळे लिहू नये, डोळ्याने आणि अपेक्षेने काही भरून काढावे, अशी सवलत कोणत्याही भाषेने दिली की आकांक्षेचे अधिष्ठान कोठे, हा प्रश्न तिच्यापुढे येतोच.

तरीही वाचकप्रतिसादवाद्यांनी येथे विजयोत्सव करण्याचे कारण नाही. वोल्फगांग इझर ज्या मोकळ्या जागांविषयी बोलतो त्या वाचकागणिक वेगळ्या भरल्या जाऊ शकतात आणि त्यातच त्यांची सार्थकता असते. हॅस्केलच्या मोकळ्या जागा सर्वांनी सारख्याच भरल्या पाहिजेत. दोन पार्सरांनी भिन्न कंस मानले तर एक सदोष ठरतो. स्टॅन्ली फिशचे अर्थनिर्णायक समूह येथे असले तर ते एकमताच्या सक्तीवर उभे आहेत. वाचकाचा सहभाग आणि अर्थाची अनेकता या दोन गोष्टी साहित्यविचारात जोडीने येतात म्हणून त्या एकच आहेत असे वाटू लागते. त्या वेगळ्या काढता येतात, हे दाखवणारे उदाहरण म्हणून या भाषेचे मोल आहे. आणि एकमताची सक्तीदेखील कागदावर जितकी पक्की होती तितकी व्यवहारात नव्हती. हॅस्केल ९८च्या अहवालातील एका टिपेत 'लेट क्ष = खरे इन क्ष == क्ष == खरे' अशा अर्थाचे एक उदाहरण दिले आहे. समानतेचे चिन्ह दोनदा ओळीने येऊ शकत नाही असा नियम असल्यामुळे दुसऱ्या चिन्हापाशी पार्सर अडतो. तेव्हा 'लेट'चा विस्तार त्याच्या आधीच संपला असे मानावे, म्हणजे वाक्याचा अन्वय एकच लागतो, असे टीप सांगते. पुढे तीच टीप म्हणते की प्रत्यक्षातले कंपायलर बहुधा याचा अन्वय चुकीचा लावतील, तेव्हा असे लिहू नये. व्याकरणकार एक वाचन प्रमाण ठरवतो आणि त्याच दमात ते वाचन होणार नाही असे भाकीत करतो. असा प्रसंग व्याकरणाच्या इतिहासात वारंवार येत नाही.

पार्सरांनी असे चुकावे याला सबळ कारण होते. हॅस्केलमध्ये क्रियाचिन्हे कोणालाही नव्याने घडवता येतात आणि त्यांची अग्रता शून्य ते नऊ या पायऱ्यांवर लेखकच ठरवतो. ती घोषणा फायलीच्या अखेरीस असू शकते. दुसऱ्याच फायलीत असू शकते. म्हणजे पहिल्या पानावरील वाक्याचा अन्वय शेवटच्या पानावर, किंवा वेगळ्याच ग्रंथात, कळायचा. पार्सरने तोपर्यंत काय करावे? बहुतेकांनी व्यवहार्य मार्ग काढला : चिन्हे आणि पदे नुसती एका माळेत ओवून ठेवायची, आणि सर्व घोषणा हाती आल्यावर गाठी मारायच्या. २०१०च्या अहवालाने हा व्यवहार मान्य केला. अग्रतेचा निर्णय मूळ व्याकरणातून काढून अन्वयानंतरच्या वेगळ्या टप्प्यात टाकला गेला.

पाणिनीय परंपरेच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे नाते ओळखीचे वाटेल. अधिकारसूत्राचा अंमल पुढे कोठपर्यंत चालतो हे स्वरिताच्या खुणेने कळावे अशी अष्टाध्यायीत योजना आहे; पण परंपरेने हाती आलेल्या पाठात त्या खुणा राहिल्या नाहीत, आणि अधिकार कोठे संपतो हे व्याख्यानावरून ठरवणे टीकाकारांना भाग पडले. न लिहिलेला मिटता कंस शोधण्याचेच ते काम आहे. संगणकभाषांची व्याकरणे ज्या पद्धतीने मांडतात तिला पाणिनी-बॅकस पद्धती म्हणावे अशी सूचना १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी एका संगणकविषयक नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात केली होती. ती सूचना सूत्रलेखनाच्या साम्यापुरती होती; साम्याची खरी जागा टीकाकारांच्या कामात अधिक दिसते.

२०१०च्या त्याच अहवालातील दुसरा बदल आकाराने क्षुल्लक, पण अर्थाने मोठा आहे. 'डू' या शब्दाने सुरू होणारा कृतींचा गट १९९६च्या आवृत्तीपासून भाषेत आला. त्या गटात 'इफ', 'देन', 'एल्स' हे तीन शब्द तीन ओळींवर, एकाखाली एक, लिहिण्याची उर्मी साऱ्यांनाच होई. इतर भाषांतून आलेल्यांना तर ते सहजच वाटे. पण समान स्तंभ म्हणजे अर्धविराम या नियमाने 'देन'च्या आधी अदृश्य अर्धविराम पडे आणि वाक्य मोडे. अनुभवी लोक नवशिक्यांना 'देन' थोडे आत सरकवायला सांगत; पुष्कळ वर्षे हे चालले. अखेर 'देन' आणि 'एल्स' यांच्या आधी अर्धविराम आला तर तो चालवून घ्यावा अशी तरतूद व्याकरणात झाली. अपप्रयोग रूढ होऊन शिष्टप्रयोग ठरला, असे नैसर्गिक भाषेच्या बाबतीत म्हटले गेले असते. येथेही म्हणायला हरकत नाही. याउलट, फंक्शनाच्या व्याख्येत 'न + १' अशा आकाराची खूण लिहून मूल्य ओळखण्याची जी सोय होती, ती याच वेळी काढून टाकली गेली. कंस असला तर ती खूण आणि नसला तर अधिकचिन्हाचीच नवी व्याख्या, असा तिचा दुटप्पीपणा होता. तिच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही.

२०१०नंतर समितीचा नवा अहवाल निघालेला नाही. २०१६ साली त्यासाठी मंडळ नेमले गेले, पण अहवाल हाती आला नाही. भाषा मात्र थांबली नाही; ती जीएचसीच्या पर्यायांच्या रूपाने वाढत राहिली, आणि २०२१ साली अशा पर्यायांचा एक संच 'जीएचसी २०२१' या नावाने एकत्र बांधला गेला. हा अधिकारातील बदल आहे. १९९०च्या दशकात 'हॅस्केल म्हणजे काय' या प्रश्नाला 'अहवालात लिहिले आहे ते' हे उत्तर होते. आता 'हा एक वाचक जे वाचू शकतो ते' हे उत्तर अधिक खरे आहे. आपल्या पहिल्या रूपात या कंपायलरचा पार्सर तेवढा हॅस्केलमध्ये नव्हता. बाकी सारे हॅस्केलमध्ये आणि पार्सर यॅक व सी यांत लिहिलेला होता. पुढे तोही हॅस्केलच्याच एका पार्सर-जनकातून तयार होऊ लागला. संहितेचा वाचक त्या संहितेच्याच भाषेत घडू लागला आणि कालांतराने तोच तिचे प्रमाण झाला.

या टप्प्यावर सन्निधीचे पारडे पुन्हा जड झालेले दिसते, आणि टिंबाची कथा त्याचा उत्तम दाखला आहे. १९९०मध्ये टिंब हे दोन फंक्शने जोडण्याचे चिन्ह होते. १९९६मध्ये विभागाचे नाव आणि त्यातील पदाचे नाव जोडण्यासाठीही तेच टिंब घेतले गेले. विभागाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते एवढाच आधार. त्यामुळे मोठ्या अक्षराचे पद, टिंब आणि लहान अक्षराचे पद सलग लिहिले की अर्थ एक, आणि मध्ये जागा सोडली की दुसरा. २०२१मध्ये एक नवा पर्याय आला : तो चालू केल्यास जागा न सोडता लिहिलेले टिंब नोंदीतील रकान्याकडे बोट दाखवते आणि जागा सोडून लिहिलेले पूर्वीप्रमाणे फंक्शने जोडते. उद्गारचिन्हाचेही असेच. ते क्रियाचिन्ह म्हणून पदांच्या मध्ये येई आणि मूल्य ताबडतोब काढावे अशी सूचना म्हणून पदाच्या आधीही येई. त्यामुळे एखाद्या ओळीत फंक्शनाची व्याख्या आहे की चिन्हाची, हे पार्सरला अंदाजाने ठरवावे लागे. त्याच वर्षी आलेल्या जीएचसीच्या नवव्या आवृत्तीने चिन्हाच्या डावीउजवीकडील जागेवरून त्याची भूमिका ठरवण्याचा सार्वत्रिक नियम केला. आधी जागा आणि नंतर नाही, तर चिन्ह पुढच्या पदाचे. दोन्हीकडे जागा, तर मधले. आकांक्षेवर सोपवलेले काम काढून शेजाराकडे दिले गेले.

हा बदल वाचनसुलभतेसाठी झाला असे सांगितले जाते, आणि माणसांच्या वाचनाबाबत ते खरेही आहे. दोन पदांमधील अंतर डोळा आधी टिपतो आणि अर्थ नंतर. मात्र लेखकाच्या बोटांची एक जुनी मोकळीक त्याने काढून घेतली. जागा कोठेही सोडा, अर्थ बदलणार नाही, अशी सवय असलेल्यांच्या काही जुन्या आज्ञावल्या नव्या नियमात बसेनात. मांडणीचा नियम ओळीच्या आरंभापुरता होता तोवर लेखक ओळीच्या आत स्वतंत्र होता. आता तेथेही अंतर बोलू लागले.

आकांक्षेच्या नियमाची किंमतही दुर्लक्षिण्याजोगी नाही. लेखक कंस विसरला की वाचक तो मुकाट्याने पुरवतो, आणि चूक जेथे झाली तेथे न दिसता पुष्कळ ओळी खाली, भलत्याच पदापाशी, प्रकट होते. जीएचसीचा दीर्घकाळ परिचित असलेला संदेश अन्वय लागत नाही एवढे सांगून कंसात पुस्ती जोडी की कदाचित समास चुकला असेल किंवा कंस जुळत नसतील. निर्दोष म्हणून जिची ख्याती, त्या यंत्रभाषेच्या वाचकाने 'कदाचित' म्हणावे, हे त्याच्या वाचनपद्धतीचेच फळ आहे. ज्याने अपेक्षेच्या जोरावर भर घातली त्याला मूळ काय आणि भर काय हे मागाहून वेगळे सांगता येत नाही. पाठचिकित्सा करणाऱ्याला ही अडचण नकलकारांच्या हस्तलिखितांतून चांगली ठाऊक असते.

या नियमावाचून मांडणीची व्याख्या करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. पार्सरच्या चुकीची मदत न घेता केवळ पदांच्या जोड्यांवरून कंस मिटवणारा दुसरा नियम जीएचसीत प्रत्यक्ष लिहिला गेला. तो एक पर्याय म्हणून राहिला. प्रमाण झाला नाही. कारण तोवर एका ओळीतले 'लेट' आणि 'इन', गोल कंसांत बसवलेले 'केस', जोडीच्या स्वल्पविरामाआधी संपणारे 'डू' असंख्य आज्ञावल्यांत लिहून झाले होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा मिटता कंस कोणीतरी अडण्यावर अवलंबून होता.